खुर्चीपाशी हवा किती

"थांब दादा, चावी फिरवू नकोस."

मधलीने हे म्हटलं तेव्हा थोरल्याची चावी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात गेलेली होती. फक्त फिरवायची राहिली होती. सत्तावीस वर्षं या घटकेची वाट बघितली, ती आली, आणि नेमकी तेव्हाच बहिणीला वाचा फुटली. त्याने मानही वळवली नाही.

"का? उलटी घातलीय?"

"चावी बरोबर आहे. खुर्ची चुकीच्या जागी आहे."

दुकानात त्या वेळी घरची सात माणसं होती आणि सातही जणांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची होती तिथेच होती, दाराला लागून, रस्त्याकडे तोंड करून. उंच पायांची, फिरती, चामडं दोनदा बदललेली. आजोबांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं त्या दिवशी ती तिथे ठेवली, कारण तिथे उजेड चांगला येतो आणि चौकातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक लांबूनच दिसतो. तेव्हापासून या घराचा शिरस्ता असा, की खुर्चीवर ज्याने बसायचं त्याने आधी मोठ्या घड्याळाला चावी द्यायची, मग बसायचं, आणि त्यानंतर दुकानात त्याचा शब्द शेवटचा.

आजोबा त्याच खुर्चीवर बसल्या बसल्या कलंडले, ते पुन्हा उठले नाहीत. मग बाबा बसले. सहा आठवड्यांपूर्वी एका बाईंना पट्टे दाखवता दाखवता बाबाही उजवीकडे कलंडले. या खेपेला हॉस्पिटल वेळेत गाठलं, म्हणून बाबा वाचले. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागले, आणि तोंडातून एका वेळी एकच शब्द निघू लागला, तोही त्या शब्दाच्या मनात असेल तर. आज रविवार म्हणून दुकान गिऱ्हाइकांना बंद होतं. आजारपणानंतर बाबा पहिल्यांदाच इथे आले होते आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर काठी धरून बसले होते. थोरल्याकडे बोट दाखवून कालच त्यांनी आईला सांगितलं होतं, "हा."

एवढं सगळं ठरलेलं असताना मध्ये कोणी तोंड घालायचं काही कारण नव्हतं.

"म्हणजे मी बसू नये, असंच ना?" थोरला म्हणाला.

"कोणीच बसू नये तिथे."

"कोणीच म्हणजे मीच! मी बसायची वेळ आली आणि तुला जागा चुकीची दिसायला लागली. बाबा बसत होते तेव्हा बरी होती?"

या प्रश्नावर मधली काउंटरखाली बघू लागली, आणि थोरल्याला वाटलं, बरोबर वर्मावर बोट पडलं.

थोरल्याचं वर्म वेगळं होतं. त्याच्या तळहातांना घाम येतो. इतर घरांत असल्या गोष्टीकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण घड्याळजीच्या घरात ती लहानसहान गोष्ट नाही. एकोणिसाव्या वर्षी तो चार महिने काचखोलीत, म्हणजे दुकानाच्या मागच्या बाजूला दुहेरी दारांआड जिथे घड्याळं उघडतात तिथे, बाबांच्या शेजारी बसला. चार महिन्यांनी त्याने हाताळलेल्या घड्याळांतले स्क्रू गंजून परत आले. बाबांनी भिंगातून एकेक स्क्रू पाहिला आणि म्हणाले, तू बाहेर बस. तेव्हापासून तो बाहेर, काउंटरवर, पट्टे आणि सेल बदलत. अकरा वर्षांनी धाकटा असलेला भाऊ कोरडे हात घेऊन आला आणि सरळ आत जाऊन बसला. थोरल्याने कधी तक्रार केली नाही. त्याच्या मनाशी हिशेब पक्का होता, की काचखोली नाही तर नाही, खुर्ची तरी माझीच.

"पेटी दाखवते," मधली म्हणाली, आणि वाकून काउंटरखालून एक राखाडी पेटी काढली. जेवणाच्या डब्याएवढी, बाजूला जाळी, वर आकडा.

"हे कुठून आलं इथे?"

"नऊ दिवस इथेच आहे. हवा मोजते."

"नऊ दिवस? माझ्या काउंटरखाली? चोरून?"

"सांगितलं असतं तर तू रोज सकाळी समोरचा रस्ता धुऊन काढला असतास, दादा."

धाकटा फिसकन हसला. काचखोलीच्या दाराला टेकून तो इतका वेळ गप्प उभा होता आणि गप्पच राहिला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला हसू येतंय?" वहिनी गर्रकन वळली. थोरल्याच्या बायकोचा आवाज एरवी शेजारच्या खोलीतही जात नाही. आज तो चौकात गेला असता. "ज्यांच्यामुळे हे सगळं झालं त्यांनी तरी हसू नये."

आई खाली बघू लागली. आत्याने पर्स उघडून विनाकारण बंद केली. सहा आठवडे घरात सगळ्यांच्या मनात असलेली गोष्ट शेवटी एकीच्या तोंडून बाहेर पडली होती, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना थोडं हलकंच वाटलं.

*

धाकट्याला मात्र हलकं वाटलं नाही. घरात त्याला लाडाने चिमटा म्हणतात, पण सहा आठवड्यांत त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती.

त्या सकाळी तो बाबांवर ओरडला होता. कारण क्षुल्लक होतं. त्याला नवीन यंत्र हवं होतं आणि बाबांना नको होतं. तो म्हणाला, मग मी चाललो दुसरीकडे, बसा तुम्ही तुमच्या खुर्चीला कवटाळून. काचखोलीचं दार आपटून तो आत गेला आणि दहा मिनिटांनी बाहेर पट्टे बघणारी ती बाई किंचाळली. तेव्हापासून तो सगळ्यांचं झाल्यावर जेवायचा, आणि बाबांच्या खोलीत ते झोपलेले असतानाच जायचा. कोणी त्याला तोंडावर बोललं नव्हतं. बोललं असतं तर त्याने मान्यच केलं असतं.

"वहिनी बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "मीच केलं ते."

"तू गप रे!" मधली त्याच्यावरच खेकसली. "तू काय केलंस? ओरडलास. या घरात कोण ओरडत नाही? बाबा आणि दादा टेबलाच्या पंख्यावरून तीन दिवस भांडले होते, तेव्हा कोणाला झटका आला? भांडणाने माणसं पडायची असती तर आत्या आल्या की घरात कोणी उभं राहिलं नसतं."

"मला का ओढतेस यात?" आत्या म्हणाली, पण खूश झाली.

"मग कशाने झालं?" वहिनीने विचारलं.

मधलीने एक श्वास घेतला. ती शहराच्या हवामापन खात्यात काम करते. गच्च्यांवर, शाळांच्या छपरांवर, पुलांच्या कडेला यंत्रं लावायची, जाळ्या बदलायच्या, आकडे उतरवायचे, हेच बारा वर्षं. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब, वय, खाणं-पिणं सगळं विचारून झाल्यावर सहज विचारलं होतं, हे दिवसभर बसतात कुठे? आणि शहरभर यंत्रं लावत फिरणाऱ्या मुलीला आपल्या बापाच्या खुर्चीपाशी हवा किती वाईट आहे हे सांगता आलं नव्हतं. त्या रात्री ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडली होती, हे तिने कोणाला सांगितलं नाही आणि आजही सांगणार नव्हती.

"एकाच कशाने झालं असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "कोणीच म्हणू शकत नाही. बाबांचा रक्तदाब वीस वर्षांचा आहे, वय आहे. पण डॉक्टरांनी सांगितलं, वाईट हवेने हा धोका वाढतो. वर्षानुवर्षं त्या हवेत बसलं की वाढतो, आणि हवा खूप बिघडते त्या दिवसांत आणखी थोडा वाढतो. बाबा पडले त्याच्या आधीचे तीन दिवस आठवा. वारा पूर्ण पडला होता. धूर वर जात नव्हता. चौकातल्या आमच्या यंत्राने त्या तीन दिवसांत वर्षातले सगळ्यात वाईट आकडे दाखवलेत."

"धूर काय, सगळ्यांनाच आहे," थोरला म्हणाला. "चौकात राहायचं तर धूर खायचा. छातीत जाईल फार तर, खोकला येईल. डोक्यात कसा जाईल?"

"रक्तातून! दादा, जो दिसतो तो धूर नाकात अडकतो. मी मोजते ते कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात. ते नाकात अडकत नाहीत, छातीतही सगळे थांबत नाहीत, काही थेट रक्तात उतरतात. रक्तवाहिनी आतून सुजते, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट व्हायला लागतं, गुठळी होते. ती गुठळी मेंदूत जाऊन अडकली, की झालं."

बाकावर बसलेल्या बाबांनी काठीवरचा हात हलवला. कोणी पाहिलं नाही.

*

बाबांना मधलीचं बोलणं दुसऱ्या कोणाहीपेक्षा लवकर समजलं होतं. शब्द तोंडात येत नव्हते, डोक्यात सगळं लख्ख होतं. तेलात धूळ. बंद पडलेल्या दहा घड्याळांतल्या सहांचं दुखणं तेच असतं. डोळ्यांना न दिसणारी धूळ तेलात मिसळते, तेल दाट होतं, चाकं आधी जड चालतात आणि एक दिवस थांबतात. गिऱ्हाईक म्हणतं, काल तर व्यवस्थित चालत होतं हो. बाबांनी हे वाक्य हजार वेळा ऐकलं होतं आणि हजार वेळा मनात हसले होते. पोरीला सांगावंसं वाटलं, पण जीभ जागची हलली नाही. मग ते ऐकतच राहिले.

"आकडे सांग," आत्या म्हणाली. आत्या बाबांपेक्षा मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आकड्यांशिवाय तिचा कशावर विश्वास नाही. "भाषण पुरे."

"आकडा जितका लहान तितकी हवा बरी. दिवसाचा पंधराच्या आत असावा, असं जगभरचे डॉक्टर म्हणतात. बघा." मधलीने पेटी उचलून काचखोलीच्या काचेवरच्या झडपेतून आत धरली. सगळे मान पुढे काढून बघू लागले. आकडा भराभर उतरला आणि स्थिर झाला.

"नऊ!" धाकटा ओरडला.

"घड्याळं श्वास घेतात ती हवा, नऊ. आता इकडे या." ती तरातरा दुकानाच्या मधोमध आली. चौऱ्याऐंशी. मग तिने पेटी खुर्चीच्या गादीवर ठेवली. बाहेर सिग्नलला दोन बसगाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या, आणि रविवार असूनही मागे मोटारींची रांग लागली होती. आकडा चढू लागला. शंभर. एकशे तीस. एकशे सत्तर.

"अगं बाई," आई म्हणाली.

"दोनशे बारा," आत्याने वाचलं. तिचा चष्मा नाकावरून खाली आला होता. "अजून चढतोय. दोनशे चाळीस!"

"हा रविवार आहे," मधली म्हणाली. "कामाच्या दिवशी संध्याकाळी तीनशेच्या वर गेलाय. नऊ दिवसांची सरासरी एकशे सेहेचाळीस. बाबा इथे एकतीस वर्षं बसले. रोज दहा तास."

"तुझी पेटी बिघडलीय," थोरला म्हणाला.

आईला कोणी विचारलं नव्हतं, पण ती उठली. भिंतीतल्या कपाटातून तिने पत्र्याचा चपटा डबा काढला आणि काउंटरवर पालथा केला. "पेटी बिघडली असेल. हे तर नाही ना बिघडलं?"

आतून कापडाचे चौकोनी तुकडे निघाले. काचखोलीत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या तोंडावरचं हे कापड. ते दर महिन्याला बदलतात, आणि आजोबांच्या हौसेखातर दर वर्षीचा एक तुकडा, वर शाईने साल घालून, या डब्यात जातो. आजोबा पाहुण्यांना ते अभिमानाने दाखवायचे, बघा, एवढी धूळ आम्ही घड्याळांना लागू दिली नाही. आईने तुकडे सालवार मांडले. पहिले सायीच्या रंगाचे. मग मळकट. मग राखाडी. शेवटचे आठ-दहा काळे कुळकुळीत.

"हा पंखा हवा ओढतो कुठून?" मधलीने हळू विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पंख्याची जाळी खुर्चीच्या पाठीमागे, बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर होती.

"पन्नास वर्षं घड्याळांना वाचवलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आणि माझ्या वडिलांना आणि भावाला त्या जाळीपुढे बसवलं. मोठ्या मानाने बसवलं. अरे, आम्ही काय माणसं आहोत!"

"कापडात अडकली ती जाड धूळ," मधली म्हणाली. "खरी वाईट ती कापडातूनही जाते. तिच्यासाठी आता आत चांगली गाळणी आहे. आत."

*

वहिनी शेवटचा काळा तुकडा हातात घेऊन उभी होती. तिने बोट फिरवलं, बोटाला काजळीसारखं लागलं.

या खुर्चीसाठी तिने कमी आटापिटा केला नव्हता. नवऱ्याला घामट हाताचा म्हणून कोपऱ्यात ठेवलं, ही गोष्ट लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिच्या कानावर आली आणि तेव्हाच तिने मनाशी घेतलं, की मी याला खुर्चीवर बसलेला बघेन. आज ती नवीन साडी नेसून आली होती. पण सहा आठवडे नवरा चावी न देताच बाबांच्या जागी तात्पुरता बसत होता आणि संध्याकाळी डोकं धरून घरी येत होता. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यालाही रक्तदाबाची गोळी सुरू केली होती. त्याने तिला बजावलं होतं, घरात कोणाला सांगू नकोस, खुर्ची जाईल.

ती पुढे झाली, घड्याळातली चावी तिने काढली आणि मुठीत धरली.

"अगं काय करतेस?" थोरल्याने विचारलं.

"हे बसणार नाहीत," वहिनी घराला उद्देशून म्हणाली. "यांनाही गोळी चालू आहे. बाबांची होती तीच."

"तू सांगितलंस!" थोरला किंचाळला. "मी तुला काय म्हटलं होतं?"

"काय काय म्हणता तुम्ही! मला खुर्चीवर बसलेला नवरा नको. मला घरी येणारा नवरा हवा. आणि तोंड वाकडं न झालेला!" एवढं बोलल्यावर समोर बाबा बसलेत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. बाबांनी मात्र अर्ध्या ओठाने हसून तिला मान डोलावली.

मग कोणी कोणाचं ऐकेना. आई थोरल्याला म्हणत होती, गोळी लपवलीस, आईपासून? आत्या म्हणत होती, खुर्ची माळ्यावर टाका, आजच्या आज. वहिनी धाकट्याला म्हणत होती, भावजी, मघाशी मी बोलले ते विसरा, आणि धाकटा विसरायला एका पायावर तयार होता. त्याला काहीतरी सुचलं होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. त्याने काउंटरवरचा खडू उचलला आणि सगळ्यांच्या पायांमधून जमिनीवर रेघ मारत सुटला.

"बाजूला! आत्या, पाय. काचखोली मागे ठेवायचीच कशाला? ही मधली काच काढून टाकू. दुहेरी दार इथे आणू, अगदी रस्त्यावर. पहिलं दार, मध्ये दोन पावलं जागा, दुसरं दार. पंख्याची जाळी मागच्या बोळाकडे फिरवू. अख्खं दुकानच काचखोली! गिऱ्हाईक आत, आपण आत, घड्याळं आत."

"बोळात हवा किती?" आत्याने ताबडतोब विचारलं.

"एकोणपन्नास," मधली म्हणाली. "मी मोजलीय. चांगली नाही, पण गाळायला सोपी. चिमट्या, हे जमेल!"

त्या नावाने हाक ऐकून धाकट्याच्या हातातला खडू तुटला. त्याने तसाच अर्धा तुकडा पुढे ओढला.

"बंद दारं बघून लोकांना वाटेल, आत नोटा छापतात," आत्या म्हणाली.

"तर जास्त गर्दी होईल," आई म्हणाली, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा हे घर एकदम मोठ्याने हसलं. मधलीने सांगितलं, की एवढ्याने भागणार नाही, बाहेरची माणसं त्याच धुरात राहतात, म्हणून उद्याच ती हे आकडे साहेबांपुढे ठेवणार आणि बसथांबा चौकातून पुढे न्या म्हणून हात धुऊन मागे लागणार. आत्या म्हणाली, मीही येते, साहेब माझ्याच शाळेतला असेल. धाकटा रेघा मारतच होता. वहिनी त्याला माप धरून देत होती.

थोरला एकटाच भिंतीपाशी उभा होता. त्याच्यासमोर जमिनीवर सगळं दुकान पांढऱ्या रेघांनी नव्याने मांडलं जात होतं, इथे धाकट्याचं टेबल, इथे काउंटर, इथे गिऱ्हाइकांचा बाक. खुर्ची कुठेही नव्हती.

"मग मी कुठे बसू?" तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाचाही नव्हता. सगळे थांबले.

"दादा, इथे काउंटर…" धाकटा चाचरला.

"काउंटर! परत काउंटर! खुर्ची वाईट, मान्य. हवा वाईट, मान्य. तुम्ही सगळे शहाणे, मान्य. काचखोलीत मला जागा नाही, माझ्या हाताने स्क्रू गंजतात. आता तुम्ही अख्खं दुकानच काचखोली करताय. मग मी कुठे बसू, सांगा ना! रस्त्यावर?"

मधलीलाही ते मोजता आलं नव्हतं.

*

बाबा उठले. आई सावरायला धावली, त्यांनी काठीनेच तिला बाजूला केलं. उजवा पाय ओढत ते खडूच्या रेघा पुसत काचखोलीकडे निघाले. वाटेत त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती झटक्यापेक्षा वाईट होती. चार-पाच गंजके स्क्रू. टिकलीएवढे. भिंगाशिवाय दिसलेही नसते. त्यांच्यासाठी आपण या पोराला उठवलं आणि त्या दारात नेऊन बसवलं, आणि वर त्याला आशा दाखवली, की जरा थांब, पुढे याहून वाईट जागा तुला मिळेल.

काचखोलीचा कायदा घरातल्या पोराटोरांनाही पाठ आहे. चपला बाहेर. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाबांनी पहिलं दार उघडलं, त्यात काठी आडवी अडकवली, आणि खांदा लावून दुसरं दारही सताड उघडलं.

"बाबा!" धाकटा किंचाळला. "आत तीन घड्याळं उघडी पडलीत! धूळ जाईल!"

"असू दे," बाबा म्हणाले.

ते दोन शब्द होते. आईने तोंडावर हात धरला.

बाबा दाराला पाठ टेकून उभे राहिले आणि थोरल्याकडे बघू लागले. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताणल्या, ओठ दोनदा हलून मिटले. मधली काही सुचवायला पुढे झाली, तेव्हा आत्याने तिचा दंड धरला.

"तू," बाबा म्हणाले. "आत. बस."

थोरल्याने दोन्ही तळवे पुढे केले. ते ओलेचिंब होते. "माझे हात, बाबा."

बाबांनी डाव्या हाताने त्यातला एक धरला. शब्द येत नव्हते, आणि या वेळी आल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. बाहेर सिग्नल सुटला, गाड्या गेल्या, दुसऱ्या येऊन उभ्या राहिल्या.

"चूक," बाबा म्हणाले. थांबले. पुन्हा जोर लावला. "माझी. होती."

थोरल्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्याने तो बाबांच्या लुळ्या खांद्यात लपवला. मग बूट न काढताच तो उंबरा ओलांडून आत गेला. धाकट्याने धावत जाऊन आधी उघड्या घड्याळांवर काचेच्या टोप्या घातल्या आणि मग आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.